इंटरनेटचा खर्च कोणी उचलायचा? नेट न्यूट्रॅलिटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे नेमकं काय?

तुम्ही रिचार्ज मारला, दिवसाला दीड जीबी डेटा मिळाला. त्या दीड जीबीत तुम्ही भजनं ऐका, सातबारा काढा, परदेशातल्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोला, नाहीतर नुसते रील्स बघत बसा. टेलिकॉम कंपनीने त्यात डावंउजवं करायचं नाही. एका अ‍ॅपचा वेग मुद्दाम पाडायचा नाही, पैसे घेऊन दुसऱ्याला पुढे काढायचं नाही, स्वतःच्या सोयीने एखादी साइट अडवायची नाही, आणि या अ‍ॅपच्या डेटाला एक भाव नि त्या अ‍ॅपच्या डेटाला दुसरा, असंही करायचं नाही. महावितरण युनिटं मोजतं. त्या विजेवर मिक्सर फिरला की टीव्ही लागला, आणि तो कुठल्या कंपनीचा, याची चौकशी करत नाही. तसंच हे. टिम वू या अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००३ मध्ये हे नाव रूढ केलं.

भारतात असा कायदा आहे का?

संसदेने केलेला वेगळा कायदा नाही. पण नियम आहेत आणि ते चांगलेच कडक आहेत. पहिला, ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी काढलेला: कुठलं अ‍ॅप किंवा साइट वापरता यावरून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी. मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. दुसरा टप्पा २०१८ मध्ये आला. ट्रायच्या नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशी सरकारने मान्य केल्या आणि दूरसंचार विभागाने कंपन्यांच्या परवान्यातच अट घातली की मजकुरावरून भेदभाव करायचा नाही. म्हणजे अडवणूक, वेग पाडणं, एखाद्याला झुकतं माप देणं, सगळं बाद.

५० लाखांचा दंड या कंपन्यांच्या उलाढालीपुढे किरकोळ आहे, हे उघड आहे. खरा धाक परवान्यातल्या अटीचा.

हे प्रकरण आपल्याकडे पेटलं कशावरून?

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने जाहीर केलं की स्काइप, व्हायबरसारख्या अ‍ॅपवरून केलेल्या कॉलचा डेटा नेहमीच्या पॅकमध्ये धरणार नाही, त्याला वेगळे पैसे पडतील. इतका आरडाओरडा झाला की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. पण प्रश्न ट्रायच्या दारात गेलाच होता. २७ मार्च २०१५ रोजी ट्रायने ११८ पानांचं, २० प्रश्नांचं सल्लामसलत पत्र काढलं. भाषा अशी की सामान्य माणूस तिसऱ्या पानावर हात टेकेल. काही स्वयंसेवकांनी ‘सेव्ह द इंटरनेट’ नावाची साइट उभी करून ते प्रश्न सोप्या भाषेत मांडले, उत्तरांचा मसुदा दिला, आणि एका विनोदी व्हिडिओने बाकीचं काम केलं. दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडे गेले.

त्याच एप्रिलमध्ये ‘एअरटेल झीरो’ आलं: अ‍ॅपवाल्या कंपनीने एअरटेलला पैसे द्यायचे, म्हणजे ग्राहकाला ते अ‍ॅप डेटा न कापता वापरता येईल. फ्लिपकार्ट त्यात सामील होणार अशी बातमी फुटली, लोकांनी अ‍ॅपला एक-एक स्टार द्यायचा सपाटा लावला आणि आठवडाभरात फ्लिपकार्टने अंग काढून घेतलं. पुढे ट्रायने आलेले ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट जसेच्या तसे साइटवर टाकले. इंटरनेटच्या हक्कासाठी पत्र लिहिलं आणि बक्षीस म्हणून इनबॉक्समध्ये स्पॅम आलं, असं बऱ्याच जणांचं झालं.

फेसबुकचं ‘फ्री बेसिक्स’ तर मोफत होतं. गरिबाला फुकट मिळत होतं ते का अडवलं?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला हसण्यावारी नेणाऱ्यांशी माझं जमत नाही. तेव्हा एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. मजुरी करणाऱ्या माणसाच्या हातात थोडंफार तरी इंटरनेट आलं तर वाईट काय?

वाईट हे की काय बघायचं ते एका कंपनीने ठरवायचं होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर हे ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ नावाने आलं, सप्टेंबरात नाव बदलून ‘फ्री बेसिक्स’ झालं. आत ठराविक साइट्स. फेसबुक होतं, गूगलचा शोध नव्हता. नवीन साइट आत घ्यायची तर फेसबुकच्या तांत्रिक अटी पाळून घ्यायची. पहिल्यांदाच नेटवर येणाऱ्या माणसाला तेवढंच इंटरनेट वाटलं असतं, आणि बाहेर राहिलेल्या छोट्या मराठी बातम्यांच्या साइटला किंवा शेतमालाचे भाव सांगणाऱ्या नव्या अ‍ॅपला त्याच्यापर्यंत पोचायला वाटच राहिली नसती.

डिसेंबर २०१५ मध्ये फेसबुकने पानभर जाहिराती दिल्या आणि आपल्या वापरकर्त्यांना एका बटणावर ट्रायला तयार ईमेल पाठवायला लावले. वेगवेगळ्या दरांबद्दल ट्रायने विचारलेल्या प्रश्नांना त्यात उत्तरच नव्हतं. तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांच्या ट्रायने या प्रकाराबद्दल फेसबुकला खरमरीत पत्र लिहिलं. फेब्रुवारीत नियम आला आणि फ्री बेसिक्स भारतातून गेलं.

पुढची गंमत अशी की ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, दर कोसळले, आणि गरिबाला अर्धंमुर्धं फुकट इंटरनेट देण्याचा प्रश्नच विरून गेला. आज जीबीचा सरासरी दर दहा रुपयांच्या आसपास आहे. स्पर्धेने जे केलं ते कुठल्याही कंपनीच्या दानधर्माला जमलं नसतं.

रिचार्जबरोबर हॉटस्टार (आता जिओहॉटस्टार), प्राइम वगैरे फुकट मिळतं. मग तो भेदभाव नाही का?

सध्याच्या नियमात नाही. तिथे तुम्हाला वर्गणी फुकट मिळते, डेटा नाही. क्रिकेटची मॅच बघाल तेव्हा जीबी तुमच्याच कोट्यातून जातात, इतर कुठल्याही अ‍ॅपइतकेच. ‘हॉटस्टार बघताना डेटा कापला जाणार नाही’ असं कोणी म्हणालं, तर मात्र थेट नियमभंग.

दीड जीबी संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो. ब्रॉडबँडच्या ‘अनलिमिटेड’लाही ३,३०० जीबीची मर्यादा असते. हा वेग पाडणं नव्हे का?

त्रासदायक आहे, ‘अनलिमिटेड’ म्हणून विकणं तर खटकणारंच. पण न्यूट्रॅलिटीचा भंग नाही. ६४ केबीपीएसला व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर जेमतेम जातो आणि फोटोभोवती गोल फिरत राहतो, मग तो फोटो कुठल्याही अ‍ॅपमधला असो. सगळ्यांना एकच काठी.

जास्त पैसे देणाऱ्या ग्राहकाला जास्त वेग, हे चालतं का?

जास्त एमबीपीएसचा प्लॅन महाग असणं चालतंच. वाद होतो तो दुसऱ्याच्या वाट्याचं काढून द्यायची शंका आली की. २०२० मध्ये एअरटेलचा ‘प्लॅटिनम’ आणि व्होडाफोन-आयडियाचा ‘रेडएक्स’ हे प्लॅन ट्रायने रोखायला सांगितले होते. मोबाइल टॉवरची क्षमता ठरलेली असते. त्यात काही जणांना रांगेत पुढे घेतलं तर मागच्यांचं काय होतं, एवढाच ट्रायचा प्रश्न होता. मामला टीडीसॅटपर्यंत, म्हणजे दूरसंचार वादांच्या न्यायाधिकरणापर्यंत गेला.

बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, येते कुठून? सांगलीतल्या फोनवर व्हिडिओ पोचतो तेव्हा पैसे कोण कोण मोजतं?

इथे जरा थांबू या, कारण सगळा वाद इथेच आहे.

रात्री साडेआठला सांगलीत कोणी यूट्यूबवर कीर्तन लावलं. तो व्हिडिओ अमेरिकेहून समुद्राखालून येत असेल असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. गूगल (यूट्यूब त्यांचंच), नेटफ्लिक्स, मेटा (फेसबुकची मूळ कंपनी) यांनी आपले साठवणीचे सर्व्हर टेलिकॉम कंपन्यांच्याच डेटा सेंटरमध्ये नेऊन ठेवले आहेत. नेटफ्लिक्स तर असे सर्व्हर पात्र कंपन्यांना फुकट देतं. लोक जे पुन्हा पुन्हा बघतात त्याची प्रत तिथे असते. फोनवरून मागणी जाते, प्रत मुंबईच्या किंवा जवळच्या सर्व्हरवरून निघते, कंपनीच्या फायबरवरून सांगलीच्या टॉवरपर्यंत येते आणि तिथून हवेतून फोनवर.

आता पैसे. सर्व्हर आणि तिथपर्यंत व्हिडिओ आणण्याचा खर्च यूट्यूबचा. समुद्राखालच्या केबल्स पूर्वी टेलिकॉम कंपन्याच टाकायच्या. आता ‘टूआफ्रिका’ केबलमध्ये मेटा पुढे आहे, ‘ब्लू-रामन’मध्ये गूगल, आणि दोन्हींचं भारतातलं टोक मुंबईत आहे. डेटा सेंटरपासून टॉवरपर्यंतचं फायबर, टॉवर, स्पेक्ट्रम (सरकारकडून विकत घेतलेल्या रेडिओ लहरी) हा खर्च टेलिकॉम कंपनीचा, आणि तो ती ग्राहकाच्या रिचार्जमधून वसूल करते. म्हणजे रस्त्याच्या दोन्ही टोकांचे पैसे मोजले गेलेले असतात. कंपन्यांचा ‘आमच्या नेटवर्कवर फुकट बसतात’ हा शब्दप्रयोग त्यामुळे मला पटत नाही. ते डेटा ढकलत नाहीत. ग्राहक मागतो, म्हणून तो येतो, आणि मागण्याचे पैसे ग्राहकाने आगाऊ भरलेले असतात. प्रीपेडमध्ये तर शब्दशः आगाऊ.

मग टेलिकॉम कंपन्यांची तक्रार काय आहे?

तक्रार अशी: ट्रॅफिकचा मोठा हिस्सा मोजक्या चार-पाच कंपन्यांचा आहे. त्यांच्यासाठी आम्ही क्षमता वाढवत राहायची, ५जीला अब्जावधी घालायचे, आणि जाहिरातीचा नि वर्गणीचा पैसा त्यांनी न्यायचा. म्हणून मोठा ट्रॅफिक करणाऱ्यांनी नेटवर्कच्या खर्चात ‘योग्य वाटा’ उचलावा. ट्रायने ७ जुलै २०२३ रोजी ओटीटी संवाद सेवांबद्दल (इंटरनेटवरून संदेश नि कॉल करणारी व्हॉट्सअ‍ॅपसारखी अ‍ॅप) सल्लामसलत पत्र काढलं, तेव्हा सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन ऑफ इंडियाने ही मागणी जोरात मांडली. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये ट्रायने या सेवांबद्दल ‘तूर्त नियमनाची गरज नाही’ असं म्हटलं होतं. तरी मागणी काही थांबत नाही.

तक्रारीत काहीच तथ्य नाही?

आहे. २०२२ च्या स्पेक्ट्रम लिलावात कंपन्यांनी सुमारे दीड लाख कोटींच्या बोली लावल्या. वर समायोजित महसुलाच्या (एजीआर, म्हणजे ज्यावर शुल्क मोजतात तो महसूल) ८ टक्के परवाना शुल्क, आणि ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरची ती भली मोठी एजीआरची थकबाकी. व्होडाफोन-आयडियाची अवस्था सगळ्यांना दिसतेच आहे.

पण यातलं एकही दुखणं यूट्यूबने दिलेलं नाही. काही सरकारने दिलं, काही आपसातल्या दरयुद्धाने. आणि व्हिडिओ नसते तर लोकांनी ५जी कशाला घेतलं असतं, हेही कंपन्यांनी स्वतःला विचारावं.

दुसऱ्या कुठल्या देशाने असे पैसे घेऊन पाहिलेत का?

दक्षिण कोरियाने. वाद घालणाऱ्या प्रत्येकाने आधी ती कथा वाचावी.

तिथे २०१६ पासून इंटरनेट कंपन्यांमध्ये आपसात असा नियम आला की ज्याच्याकडून डेटा निघतो त्याने पैसे द्यायचे. कागदावर रास्त दिसतं. झालं असं की लोकप्रिय मजकुराचे सर्व्हर आपल्याकडे ठेवणं हा कंपनीला भुर्दंड ठरू लागला, कारण तिथून डेटा बाहेर गेला की प्रतिस्पर्ध्याला पैसे द्यावे लागत. तो भार मजकूरवाल्यांवर ढकलायची धडपड सुरू झाली. फेसबुकने काही ट्रॅफिक देशाबाहेरून वळवला, कोरियन ग्राहकांचं फेसबुक मंदावलं, नियामकाने २०१८ मध्ये दंड ठोकला, आणि तो दंड पुढे कोर्टात टिकला नाही.

मग नेटफ्लिक्स. एसके ब्रॉडबँड या तिथल्या इंटरनेट कंपनीचं म्हणणं, त्यांच्या नेटवर्कवरचा नेटफ्लिक्सचा ट्रॅफिक मे २०१८ ते सप्टेंबर २०२१ या काळात २४ पट झाला. जून २०२१ मध्ये सोलच्या कोर्टाने नेटफ्लिक्सने काहीतरी मोबदला देणं वाजवी आहे असं म्हटलं. अपील चाललं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दोघांनी हातमिळवणी केली. अटी गुलदस्त्यात.

सगळ्यात बोलकं उदाहरण ट्विचचं. गेम खेळतानाचं थेट प्रक्षेपण दाखवणारी ही सेवा अ‍ॅमेझॉनची, म्हणजे काही गरीब नव्हे. २०२२ मध्ये खर्च झेपत नाही म्हणून तिने कोरियात व्हिडिओचा दर्जा ७२०पीवर आणला. तेवढ्यानेही भागेना. इतर बहुतेक देशांपेक्षा इथलं नेटवर्क शुल्क दहापट पडतं असं सांगून २७ फेब्रुवारी २०२४ ला तिने कोरियातलं दुकान बंद केलं. तिथे रोज तासन् तास प्रक्षेपण करून पोट भरणाऱ्या पोरांना नवं ठिकाण शोधावं लागलं. वाटा मागितला कंपनीकडून, दिला त्यांनी.

अमेरिका, युरोपात काय आहे?

युरोपात २०१५ पासून नियम आहे. तिथल्या टेलिकॉम कंपन्यांनी वाट्याची मागणी केली, युरोपीय आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकांची मतं मागवली. पण तिथल्या नियामकांच्या संघटनेने त्याआधीच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, अशा शुल्काची गरज सिद्ध करणारा पुरावा दिसत नाही असं प्राथमिक मत दिलं होतं.

अमेरिकेत सरकार बदललं की नियम बदलतो: २०१५ मध्ये आला, २०१७ मध्ये काढायचं ठरलं, एप्रिल २०२४ मध्ये परत आणला, आणि २ जानेवारी २०२५ रोजी तिथल्या अपील न्यायालयाने तो रद्द केला. त्यांच्याकडून शिकायचं ते एवढंच, की असा नियम नियामकाच्या मर्जीवर टांगून ठेवू नये.

छोट्यांना सोडा, फक्त गूगल-मेटासारख्या बड्यांकडून घ्या. मग काय बिघडलं?

‘बडा’ कोण हे ठरवणारी रेघ एकदा मारली की ती खाली सरकवायला वेळ लागत नाही. आणि भारतात आणखी एक पेच आहे. २०२४ च्या अखेरीस रिलायन्स आणि डिस्नेचा माध्यम व्यवसाय एकत्र आला, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं. म्हणजे देशातली सर्वांत मोठी मोबाइल कंपनी आणि आयपीएल दाखवणारं अ‍ॅप एकाच घरचं. उद्या ‘योग्य वाटा’ लागू झाला तर जिओहॉटस्टारने जिओला दिलेले पैसे या खिशातून त्या खिशात जातील. नेटफ्लिक्सचे मात्र खरेच जातील, आणि मग ते तुमच्या-माझ्या वर्गणीत उगवतील. एखाद्या मराठी ओटीटीने जोर धरलाच, ती रेघ ओलांडली, तर तिने काय करायचं?

मग नेटवर्कसाठी पैसा आणायचा कुठून?

पहिलं, जो वापरतो त्याच्याकडून, उघडपणे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर दहा ते पंचवीस टक्क्यांच्या आसपास वाढवले. लोकांनी बोटं मोडली, काही बीएसएनएलकडे गेले, पण हिशोब समोर होता. रिचार्ज महागला तर मला कळतं आणि मी कंपनी बदलू शकतो. यूट्यूबमार्फत वळसा घालून आलेला भाव मला दिसतच नाही.

दुसरं, सरकारने आपला हात आवरावा. ८ टक्के शुल्कातले ५ टक्के ग्रामीण सेवेच्या निधीसाठी जातात; आता त्याचं नाव ‘डिजिटल भारत निधी’. त्यातले पैसे वर्षानुवर्षं पुरते खर्चच होत नव्हते. गडचिरोलीच्या टॉवरसाठी अमेरिकन कंपनीकडे हात पसरण्याआधी त्याच कामासाठी गोळा केलेला पैसा तिथे पोचवावा.

तिसरं, लिलावाच्या किमती. यावर मतभेद असू शकतात. स्पेक्ट्रम ही जनतेची मालमत्ता आहे आणि ती स्वस्तात द्यायची नाही, हे २जी प्रकरणानंतर कोणालाही पटेल. पण सरकारने आधी घसघशीत घ्यायचं आणि मग कंपन्यांना म्हणायचं, ‘तुम्ही तिसऱ्याकडून काढा’, हे बरं नव्हे.

दूरस्थ शस्त्रक्रिया, चालकाविना गाडी यांना प्राधान्य नको का?

हवं, आणि २०१८ च्या नियमांत ‘विशेष सेवा’ म्हणून त्याची सोय आहे. अट अशी की नेहमीच्या इंटरनेटचा दर्जा त्यामुळे घसरता कामा नये. ५जीमध्ये एकाच नेटवर्कचे वेगवेगळे कप्पे करता येतात, त्यामुळे पुढचे वाद इथेच रंगतील. शस्त्रक्रियेच्या नावाने उघडलेल्या कप्प्यात गेमिंगचं पॅक कधी शिरतं, त्यावर नजर ठेवावी लागेल.

दंगलीत किंवा परीक्षेच्या वेळी नेट बंद करतात, त्याचा याच्याशी संबंध आहे?

नाही. तो सरकारचा आदेश असतो, त्याचे नियम वेगळे. साइट अडवण्याचे आदेशही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली निघतात.

एखाद्या अ‍ॅपचा वेग मुद्दाम पाडतायत अशी शंका आली तर काय करायचं?

आधी खातरजमा करा. फास्ट डॉट कॉम ही साइट नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून वेग मोजते. तिच्यावर आणि दुसऱ्या एखाद्या स्पीडटेस्टवर लागोपाठ मोजा. दोन्हीकडे कमी आला तर तुमच्या टॉवरवर किंवा केबलवाल्याच्या लाइनवर गर्दी आहे. एकीकडे ८० आणि दुसरीकडे ४ एमबीपीएस असं रोज, वेगवेगळ्या वेळी येत असेल, तर पुढे बघा. व्हीपीएन (कुठलं अ‍ॅप वापरता ते कंपनीपासून झाकणारी सोय) लावल्यावर तेच अ‍ॅप अचानक सुरळीत चाललं तर शंकेला बळ मिळतं. तरीही ती निव्वळ दोन नेटवर्कमधल्या जोडणीवरची कोंडी असू शकते, त्यामुळे लगेच बोट दाखवू नका.

पडद्याचे फोटो तारीख-वेळेसह ठेवा. आधी कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या, समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. त्यासाठी दूरसंचार विभागाचं तक्रार पोर्टल आहे. तिथे लिहिताना ‘नेट स्लो आहे’ असं मोघम लिहू नका, नाहीतर राउटर बंद करून चालू करा असं उत्तर येईल. कुठलं अ‍ॅप, किती वाजता, किती वेग, आणि त्याच वेळी दुसरीकडे किती, हे आकड्यांत लिहा आणि २०१८ च्या परवाना अटीचा उल्लेख करा.